विमानाच्या पाठीवरचं भोक

५ एप्रिल

ति. मामास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. कानाचं नवं यंत्र तू ड्रॉवरमध्ये टाकून दिलंस हे वाचून आई भडकली आहे. तिचं म्हणणं, जन्मभर जहाजाच्या रेडिओखोलीत हेडफोन लावून जगाचं ऐकलंस, आणि घरच्यांचं ऐकायची वेळ आली तेव्हा कान बंद केलेस. मी तिला समजावलं की मामाला फोन ऐकू येत असता तर आपल्याला एवढी पत्रं कुठून मिळाली असती? तिला ते पटलेलं नाही. तेव्हा यंत्र बाहेर काढ, निदान आम्ही येऊ तेव्हा तरी.

आता कामाचं. बाबांच्या विमानाचं नाव काढलं की तुमच्या दोघांचं काय होतं ते मला माहीत आहे. मागच्या वेळी आलास तेव्हा तू पंखावर थाप मारून हे तर पंख लावलेलं कपाट आहे असं म्हणालास, आणि बाबांनी त्या दिवसापासून तुला एक ओळ लिहिलेली नाही. बाबा सुतार आहेत, कपाटं त्यांनी शेकड्यांनी केली; पण विमान एकच केलं, तेही दुकान बंद झाल्यावर उरलेल्या वेळात, लाकडाची एकेक फळी पारखून. त्यांना ते लागलं. तू चेष्टेनं बोललास हेही मला ठाऊक आहे. पण आता माझं घोडं अडलंय, आणि तुझ्याशिवाय विचारायला दुसरं कुणी नाही.

आमच्या धावपट्टीवर नवा नियम आलाय. एक जुलैपासून ज्या विमानाचा रेडिओ टॉवरला चारी बाजूंनी नीट ऐकू येत नाही, ते उडणार नाही. आणि ऑगस्टअखेर बाबांची डोळ्यांची तपासणी आहे. डॉक्टरांनी मागच्याच वेळी सांगून ठेवलंय की पुढच्या खेपेला मी सही करणार नाही. म्हणजे बाबांचं उडणं ऑगस्टपर्यंतच. मला परवाना मिळालाय तो फ्लाइंग क्लबच्या पत्र्याच्या विमानांवर. हे विमान बाबांशिवाय कुणी कधी चालवलेलं नाही आणि ते कसं चालतं हे दुसऱ्या कुणाला ठाऊकही नाही. मला ते चालवायचंय, मामा, बाबा शेजारी बसलेले असताना. त्यांनी मला कधी चालव म्हटलेलं नाही, मीही विचारलेलं नाही. पण विमान शेडमध्येच अडकलं तर विचारण्यासारखं काही उरणारच नाही.

रेडिओ आम्ही नवा बसवला. पण बाबांनी विमानाच्या अंगाला भोक पाडायला साफ नकार दिला, म्हणून अँटेना आत, सीटच्या मागे आडवी टाकली आहे. विमानाचं नाक टॉवरकडे असलं तर आवाज नीट जातो. शेपूट टॉवरकडे झालं की नुसती खरखर. क्लबचा मेकॅनिक म्हणतो रेडिओ बदला. मला ते पटत नाही. एका बाजूनं चांगला आणि दुसऱ्या बाजूनं वाईट असा रेडिओ असतो का? मला झोपताना, दवाखान्यात पेशंटचे दात तपासताना, सारखं हेच डोक्यात येतं.

आईचा तुला आशीर्वाद आणि रागही. माझ्यावर आहे तेवढी माया ठेव, थोडी वाढवलीस तरी चालेल.

तुझी भाची,
टिटवी


१४ एप्रिल

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचता वाचता माझा चहा गार झाला. दुसरा केला, तोही गार झाला. इतकी वर्षं तू मला दातांच्या गोष्टी सांगून छळलंस, आता कुठे माणसात आलीस.

आधी त्या मेकॅनिकच्या हातातून रेडिओ काढून घे. नाकाकडून नीट ऐकू येतं ना? मग रेडिओला काय धाड भरली आहे? विमानाचं तोंड कुठे आणि शेपूट कुठे हे रेडिओला कळतच नाही. ते कळतं अँटेनाला. तेव्हा दोष तिचा, म्हणजे तिला जिथे आणि जशी ठेवली त्या जागेचा.

दोन गोष्टी सांगतो. टॉवरची अँटेना उभी असते. उभ्या अँटेनाचं उभीशीच जमतं, आडवीशी तिचं कधी पटत नाही. तुम्ही तिला झोपवून ठेवलीत. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. अशी दोन फुटांहून थोडी कमी काठी ही अर्धीच अँटेना असते. उरलेला अर्धा भाग म्हणजे तिच्या पायाखालचं धातूचं अंगण. क्लबच्या विमानांना अंगभर पत्रा आहे, त्यामुळे त्यांना विचार करावा लागत नाही. तुमचं कपाट (चुकलो, विमान) लाकडाचं आणि कापडाचं. रेडिओच्या दृष्टीनं लाकूड म्हणजे हवाच. तिथे काठीला पाय टेकायला जागाच नाही.

पण माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. मी इथे खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकतोय. तू स्वतः बघ. विमान मोकळ्या मैदानात उभं कर. आत एकाला बटण दाबून बोलत बसव. तू हातातला छोटा रेडिओ घे, त्याची अँटेनाची शेंडी काढून ठेव, म्हणजे त्याला कमी ऐकू येईल. जवळ उभं राहून पूर्ण कानांनी ऐकलंस तर सगळंच चांगलं वाटेल आणि काही कळणार नाही. मग लांबून विमानाभोवती गोल चाल आणि आवाज कुठे बुडतो ते कागदावर काढ. मला तो कागद पाठव. मी फार दिवसांनी कशाची तरी वाट बघतोय.

ताईला सांग, यंत्र ड्रॉवरमधून काढून टेबलावर ठेवलंय. कानात घालायचं नंतर बघू. भाऊजींना माझा नमस्कार सांगायचा की नाही ते तू ठरव.

तुझ्यावर जीव असलेला,
मामा


२ मे

ति. मामास,
शि. सा. न. वि. वि.

कागद सोबत आहे. बघून तुझा चहा पुन्हा गार होणार.

आधी बाबांना आत बसवलं. बोलत राहा म्हटलं तर बोलतोय एवढंच म्हणाले आणि गप्प. दुसऱ्यांदा विचारलं तर काय बोलू असं विचारलं आणि पुन्हा गप्प. शेवटी आईला बसवलं. ती त्या विमानात पहिल्यांदाच बसली, तेही चाकांना दगड लावलेत ना याची खात्री करून. तिला विषय शोधावे लागत नाहीत. दुकानातला भुसा घरात कसा येतो यावर ती माझी पूर्ण फेरी होईपर्यंत बोलली. त्यामुळे आमचा प्रयोग उत्तम झाला आणि बाबांना बरंच काही ऐकावं लागलं.

बघ, नाकासमोर आवाज स्वच्छ. उजवीकडे बरा. शेपटाच्या मागे आई जणू विहिरीत उतरली, आणि मागच्या डाव्या कोपऱ्यात तर पार गायब. मी तिथे थांबून मागेपुढे चार पावलं केली, प्रत्येक वेळी तेच. मग दातांचा आरसा घेऊन सीटच्या मागे डोकावले. त्याच कोपऱ्यात पेट्रोलची टाकी आहे आणि तिच्या बाजूनं शेपटाकडे जाणारे लोखंडी दांडे. म्हणजे अँटेना आडवी तर आहेच, वर टाकीच्या आडोशाला लपलीय. हे मला स्वतःला सापडलं म्हणून इतका आनंद झाला की बोलायची सोय नाही.

आता काही प्रश्न. धातूचं अंगण करायचं तर पूर्ण पत्राच हवा, की पट्ट्या चालतील? तांब्याच्या की अॅल्युमिनियमच्या? पाठीवर भोक पाडलं तर ते आतल्या फ्रेमच्या जोडापासून किती लांब हवं? पोटाखाली बसवली तर भोक दिसणार नाही, मग पोटाखाली का नको? आणि काठीचा पाया हवेला अडणार नाही असा, पानाच्या आकाराचा, लाकडात कोरला तर चालेल का?

मी सहजच विचारतेय.

लोभ कमी होऊ देऊ नकोस, आणि उत्तराला वेळ लावू नकोस.

टिटवी


१० मे

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

कागद भिंतीला टाचला आहे. टाकी शोधून काढलीस त्याबद्दल शाबास. इतकी नीट फेरी आमच्या जहाजावरच्या शिकाऊ पोरांनीही मारली नसती.

पण बाई गं, ताकाला जाऊन भांडं लपवू नये. भोक फ्रेमच्या जोडापासून किती लांब असावं हा प्रश्न दातांच्या डॉक्टरला पडत नाही. पानाच्या आकाराचा पाया तर नाहीच नाही. तेव्हा जो कुणी सहजच विचारतोय, त्याला माझी उत्तरं सहजच सांग.

पोटाखाली नको. तिथे चाकांचे लोखंडी पाय आडवे येतील, आणि विमान जमिनीवर उभं असताना काठी गवतात जाईल. जागा पाठीवरच, केबिनच्या मागे, शेपटाच्या निम्म्या वाटेवर. टाकी आणि दांडे तिथून जेवढे लांब राहतील तेवढे बरे. पूर्ण पत्रा नको, वजन वाढेल. आतून, भोकाच्या बरोबर खाली, तांब्याच्या पट्ट्या चाकाच्या आऱ्यांसारख्या चारी बाजूंना पसरा. प्रत्येकीची लांबी काठीएवढी. मध्ये सगळ्यांची गाठ काठीच्या पायाशी. केबल इंजिनाकडच्या तारांपासून दूर न्या. भोक किती लांब ते मला कळत नाही. ते ज्याला कळतं तो तुमच्याच घरात जेवतो. लाकडी पाया खुशाल कोरा. रेडिओला तो दिसणारसुद्धा नाही, पण डोळ्यांना दिसेल.

तू बाबांच्या शेजारी बसून उडायचं म्हणतेस, ते मी रोज एकदा आठवतो. जमेल असं वाटतंय मला.

लोभ आहेच. पत्रातून तो मापता येत नाही म्हणून बरं.

मामा


८ जून

ति. मामास,
शि. सा. न. वि. वि.

भोक पडलं. आणि काही उपयोग झाला नाही. मला आज लिहिताना रडू येतंय, पण सगळं क्रमानं सांगते, कारण घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते तुलाच कळेल.

भोक पाडायच्या आधी बाबा संध्याकाळभर विमानाच्या पाठीवर हात फिरवत उभे होते. शेवटी आई म्हणाली की लेकीचे कान टोचताना सुद्धा तुम्ही एवढे घाबरला नव्हतात. मग त्यांनी आतून ठोकळा दाबून धरायला लावला, म्हणजे फळीचा कपचा उडू नये, आणि वरून भोक पाडलं. एक चीरसुद्धा गेली नाही. मी आरशात बघितलं, आतून पण गुळगुळीत.

तांब्याच्या पट्ट्या तर बघण्यासारख्या झाल्यात. बाबांनी त्या कापल्या, टोकं गोल केली, घासून लखलखीत केल्या, दोन्ही बाजूंनी वार्निशचे दोन हात दिले, दोरीवर वाळवल्या आणि मग फळीला आतून चिकटवल्या. मध्ये काठीच्या पायाखाली बुचाची पातळ चकती घातली, म्हणजे धातूवर धातू घासून आवाज येणार नाही. बोल्टांनाही लाकडी नळ्या. आत हात घातला तर कुठे काही टोचत नाही. एवढं स्वच्छ काम मी माझ्या दवाखान्यातही केलेलं नाही.

आणि मग फेरी मारली. आधी निदान नाकाकडून तरी ऐकू यायचं, आता कुठूनच धड नाही. क्लबमधून मीटर आणून लावलं तर अँटेनाकडे पाठवलेली बरीचशी ताकद तशीच परत येतेय. मेकॅनिक हसला. त्यानं पुन्हा रेडिओ बदला म्हटलं. बाबांनी विमानावर कापड घातलं आणि घरी आले. तुझ्याबद्दल वाईट एक शब्द बोलले नाहीत, मामा. बोलले असते तर मला बरं वाटलं असतं. एक जुलै तोंडावर आलीय.

आमची कुठे चूक झाली ते सांग. झाली असेलच.

तुझी,
टिटवी


१३ जून

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मी इतका मोठ्यानं हसलो की माझं हसणं मलाच ऐकू आलं. शेजारीण दार वाजवून गेली म्हणे, ते मात्र ऐकू आलं नाही.

तांब्याला वार्निश! दोन हात! दोन्ही बाजूंनी!

रडू नकोस. काम उत्तम झालंय आणि जवळजवळ पुरंही झालंय. वार्निश म्हणजे विजेसाठी भिंत. बूच म्हणजे दुसरी भिंत. लाकडी नळ्या म्हणजे खिडक्याही बुजवल्या. तुम्ही काठीला सुंदर अंगण करून दिलंत आणि मध्ये दाराला कुलूप घातलंत. धातू धातूला उघड्या अंगानं भिडला पाहिजे, तोही घट्ट. पट्ट्यांची मधली टोकं कानशीनं खरवडा, तांब्याची एक गोल चकती घेऊन सगळी टोकं तिला कथलाचा डाग देऊन जोडा, बूच फेका, काठीचा पाया त्या चकतीवर सरळ आवळा. मग मीटर बघ.

चूक माझी आहे. उघड्या अंगानं जोडा असं मी लिहिलंच नाही. आमच्या धंद्यात ते कुणी कुणाला सांगत नाही. भांड्यात पाणी ओतताना झाकण काढ असं कुणी सांगतं का? पण झाकण घट्ट बसवणं हाच ज्याचा धंदा, त्याला सांगायला हवं होतं. हे भाऊजींना असंच्या असं वाचून दाखव. आणि हेही सांग की जोड पक्का झाल्यावर वरून हवं तेवढं वार्निश लावा. तेव्हा ते योग्यच आहे, तांबं हिरवं पडणार नाही. जहाजावर आम्ही ते कधी करत नसू आणि दर वर्षी रडत असू.

यंत्र कानात घालून बघितलं. घड्याळ फार आवाज करतं.

माया पातळ होऊ न देणारा,
मामा


२९ जून

ति. मामास,
शि. सा. न. वि. वि.

पास! चारी बाजूंनी! आता दम खाऊन लिहिते.

तुझं पत्र मी बाबांना अक्षरन् अक्षर वाचून दाखवलं, शेजारणीसकट. मग म्हणाले की आमच्या धंद्यात उघडं काही आत जात नाही, हे त्यानं आधी विचारायला हवं होतं. आणि कानस शोधायला उठले. डाग मी दिला, बारीक जागी हात चालवायची मला सवय आहे. मीटरचा काटा पडला तो जवळजवळ शून्यावर जाऊन बसला. आई टाळ्या वाजवत होती, तिला काटा कुठे असायला हवा हे माहीत नसताना.

काल टॉवरची परीक्षा झाली. बाबांनी वर जाऊन लांबून एक पूर्ण गोल घ्यायचा आणि गोल संपेपर्यंत अखंड बोलायचं, म्हणजे टॉवरवाला कुठून कसं ऐकू येतं ते टिपून घेणार. मी आणि आई टॉवरमध्ये. आम्हाला विमानाची नाही, बोलण्याचीच काळजी. बहुतेक जण आकडे म्हणतात. बाबांनीही एक दोन तीन सुरू केलं, दहा झाल्यावर थांबले. टॉवरवाल्यानं बोलत राहा म्हटलं. ते पुन्हा एकपासून सुरू झाले आणि पुन्हा थांबले. मला वाटलं, संपलं.

मग त्यांनी विमानाबद्दल बोलायला सुरुवात केली, मामा. हे विमान धावताना शेपूट लवकर उचलतं, तेव्हा दचकायचं नाही. डावा पाय जरा जास्त दाबावा लागतो. झाडांच्या रांगेवरून उतरताना वारा बाजूनं ढकलतो, त्याच्याशी भांडायचं नाही, आधीच थोडं तिकडे झुकून राहायचं. गवत जवळ आलं की ते तरंगत राहतं, बसायचं नाव घेत नाही. तेव्हा खाली दाबायचं नाही, नुसतं धरून ठेवायचं, त्याला बसायचं असेल तेव्हा ते बसतं. वळताना उजवा पंख करकरतो, तो पहिल्या दिवसापासून करकरतोय, त्यात काही बिघाड नाही. असं बोलत होते, थांबत नव्हते, शेपूट आमच्याकडे झालं तरी शब्द न् शब्द स्वच्छ. अर्धा गोल झाल्यावर माझ्या लक्षात आलं की हे टॉवरला कशाला हवंय? हे ते मला सांगतायत. मी टॉवरवाल्याच्या पुढचा कागद ओढला आणि लिहीत सुटले. त्याला टिपायला कागद उरला नाही. तो म्हणाला लागणार नाही, सगळीकडून ऐकू आलं.

आई रडत होती, मीही. खाली उतरल्यावर बाबांनी फक्त विचारलं की ऐकू येत होतं ना.

तुझ्यामुळे हे झालं. तुला किती धन्यवाद देऊ ते कळत नाही म्हणून देत नाही.

तुझी आणि आता जरा बाबांचीही,
टिटवी


२० जुलै

रा. रा. मेहुणेबुवा यांस,
स. न. वि. वि.

पत्र लिहायची मला सवय नाही. थोडक्यात लिहितो.

काल तुमची भाची डाव्या सीटवर बसली, मी उजव्या. विमान तिनं उचललं, फिरवलं, उतरवलं. गवताशी तरंगू लागलं तेव्हा तिनं दाबलं नाही. मी काही बोललो नाही. गरज पडली नाही. रेडिओवर मात्र ती लागतं त्यापेक्षा जास्त बोलते, ते तुमच्या घराकडचं आहे.

पाठीवरची काठी पहिल्यांदा डोळ्यांना खुपली. आता नाही खुपत. तुम्ही जागा बरोबर सांगितलीत. वार्निशबद्दल मीही विचारायला हवं होतं. कपाटाचा राग होता. गेला म्हणतो, बराचसा.

ऑगस्टअखेर डॉक्टर काय सांगणार ते मला कळतं. कडेचं आताच धूसर दिसतं, पुढे मधलंही होईल म्हणतात. त्याचं दुःख आहे, पण ते लिहायला बसलो नाही. एक मागणं आहे.

हे विमान मी फळी फळी करून बांधलं. उभं पाहिलं, उघडं पाहिलं, धुताना पाहिलं. पण कालपर्यंत माझ्याशिवाय ते कुणी चालवलं नव्हतं, त्यामुळे ते उडताना मी एकदाही पाहिलेलं नाही. मी नेहमी आतच. हे मला काल उतरल्यावर सुचलं, आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

तुमच्या ताईला उंचीची भीती वाटते. परक्या माणसाला मी त्यात बसवणार नाही. तेव्हा तुम्ही या, डॉक्टरांच्या आधी या. पोरीच्या शेजारी तुम्ही बसा. मी खाली गवतावर उभा राहतो आणि बघतो.

उत्तर पत्रानं नको, स्वतःच यावं.

आपला,
भाऊजी